उंदीरमोहीम आणि आईच्या कमरेवरचा डाग

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायला पाहिजे, नाहीतर मी फुटेन. भाकरी ताटात तशीच आहे, आई चुलीपुढून ओरडतीय, ओरडू दे. आमच्या भावकीच्या ग्रुपवर काकांचा मेसेज पडलाय. जसाच्या तसा देते: "रविवारी सकाळी सर्वांनी फॉरेस्टच्या बांधावर जमावे. उंदीरमोहीम, वर्ष दुसरे. येताना घमेले व हातमोजे आणावेत." खाली हात जोडलेले, नारळ, आणि लगेच कुणाचं तरी "साहेब, जबरदस्त नियोजन." साहेब! या साहेबांना स्वतःच्या मोटारसायकलची किल्ली रोज काकू शोधून देते.

वर्ष दुसरे म्हणे. म्हणजे वर्ष पहिलं यशस्वी झालं, असं या माणसाचं मत आहे. वर्ष पहिल्यात माझी आई जाता जाता राहिली.

नीट सांगते. काका म्हणजे माझ्या वडिलांचे, आप्पांचे, धाकटे भाऊ. घरं शेजारी, रान सामाईक बांधाचं. आमचं रान तिसगावच्या पलीकडं डोंगराच्या कुशीत. बाजरी, तूर, थोडी कपाशी. रानाला लागून वनखात्याची हद्द, आम्ही तिला नुसतं फॉरेस्ट म्हणतो. फॉरेस्ट म्हणजे काही घनदाट जंगल नाही हो. बोरी, बाभळी, हिवर, सीताफळं आणि पावसाळ्यात गुडघ्याच्या वर जाणारं गवत. आमच्या दोन म्हशी त्या बांधाच्या गवतावरच जगतात, आणि ते गवत आई कापते. आईच कापते. मोहीमवाल्यांतला एकही बाप्या कधी विळा घेऊन तिथं बसलेला मी बघितलेला नाही.

त्या बांधावर रानउंदीर आहेत. घरात भांड्यांवरून खुडबुडत जातात ते नव्हेत. हे बारीक, मातीच्या रंगाचे, पोटाला पांढरे, आणि यांची एक सवय मला लई आवडते. बिळाच्या तोंडाशी हे बारीक बारीक खडे आणून रचतात. सगळे एका मापाचे. आप्पांनी आमच्या अंगणात फरशी बसवली तेव्हा गवंड्याला तेवढं एकसारखं जमलं नव्हतं. मी शाळेत असताना तासन् तास बघत बसायची. बोरीच्या बिया नेतात, अर्ध्या खातात, अर्ध्या पुरून विसरतात, आणि पुढच्या पावसात तिथं बोर उगवते. फॉरेस्टमध्ये निम्म्या बोरी यांच्या विसरभोळेपणावर उभ्या आहेत असं माझं ठाम मत आहे. वनखात्यानं लावलेली रोपं तर बोर्डाच्या पुढं कधी गेलीच नाहीत. मग या उंदरांवर धामण जगते, मुंगूस जगतं, हिवरावरचा पिंगळा जगतो. पिंगळा म्हणजे ते छोटं घुबड हो, संध्याकाळी तारेवर बसून मान गरागरा फिरवतं ते.

आता काकांच्या ठिबकच्या नळ्या कुणीतरी कुरतडल्या. झालं. काका बांधावर उभे राहून म्हणाले, "उंदीर!"

मी म्हणलं, "काका, खारी आहेत. दिवसाढवळ्या बघितल्यात मी. नळीवर बसून दातानं टकटक करतात."

"खार? अगं, खार देवाचा प्राणी हाय. तिच्या पाठीवर रामाची बोटं हायेत."

"मग उंदीर कुणाचा? गणपतीचा ना?"

"त्ये येगळं," काका म्हणाले. आमच्या घरात ज्या वाक्याला उत्तर नसतं त्याला हे उत्तर असतं.

पण थांबा, खरी गंमत पुढंच आहे. तेव्हा गणपती बसलेले होते. गणपतीत उंदीर मारायचा नाही हे काकांना कडक मान्य. मखरातल्या मातीच्या उंदराला रोज मोदकाचा तुकडा, हळद, कुंकू, "मामा खा" म्हणून लाड. आणि ग्रुपवर मेसेज: "विसर्जनानंतर मोहीम." म्हणजे बघा, बाप्पा पाण्यात गेला की त्याच्या गाडीचा निकाल लावायचा! मंडळाचा मांडव सुटायच्या आधी यांनी बाजरीचा भरडा, गोडं तेल आणि ती काळी विषारी पूड घमेल्यात कालवली. बिळाबिळात गोळ्या सारल्या. आमच्या रानात एवढी बिळं कुठली, मग सरळ तार ओलांडून फॉरेस्टमध्ये घुसले. तिथल्या उंदराचा काकांच्या ठिबकशी संबंध माझ्या शेजारणीच्या लग्नाशी माझा असेल तेवढा.

दुसऱ्या दिवशी गोणपाटावर उंदीर रांगेनं मांडून फोटो. काका मध्ये, हातमोजे घातलेले, गॉगल. फोटोला इतके अंगठे आले की काकांना आपण खासदारकीला उभे राहावं असं वाटायला लागलं. त्याच आठवड्यात एक धामण दिसली तर तिलाही काठीनं मारली. "म्हशीच्या पायाला येढा घालून दूध पिती ती." आमच्या म्हशीला मीसुद्धा हात लावला तर लाथ मारते, ती धामणीला दूध पिऊ देईल! आणि नंतर हिवराखाली मला पिंगळा सापडला. पंख पसरून पालथा. विषानंच मेला असं मी छातीठोक सांगू शकत नाही, मी काही चिरफाड केली नाही. पण मेलेला उंदीर कुणी खाल्ला असेल हे सांगायला चिरफाड कशाला पाहिजे? मी काकांना दाखवला. म्हणाले, "बरं झालं. पिंगळा वराडला की घरात दुखणं येतं."

पिंगळा गप्प झाला आणि दुखणं आलं. आता बोला.

आई नेहमीसारखी गवताला जात होती. बांधावर बसायचं, कापायचं, पेंढी बांधायची, तिथंच गवतात टेकून भाकरी खायची. बिळांच्या तोंडाशी खडे तसेच होते, रचणारे नव्हते. मग एक दिवस ती पेंढ्या टाकून घरी आली आणि गोधडी घेऊन झोपली. माझी आई दिवसा झोपते हे मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. अंग तव्यासारखं. डोकं इतकं दुखत होतं की म्हशीच्या साखळीचा आवाज पण सहन होईना.

बाजारच्या दवाखान्यात नेलं. आप्पा, काकू आणि मी. आणि आता नीट वाचा, कारण सगळं इथं आहे.

डॉक्टर आईला विचारतोय, "काय होतंय, मावशी?" आणि उत्तर कोण देतंय? आप्पा. "ताप हाय साहेब, थंडी वाजून." जेवण जातं का? काकू. "न्हाई जात, चहाच पिती." उलटी? आप्पा. "व्हय." लघवी? इथं आप्पा लाजले, मग काकू. आई मध्ये बसलीय, तोंड उघडते, मिटते. घरात म्हशीच्या डॉक्टरला पण आम्ही म्हशीकडं बघू देतो थोडा वेळ.

कमरेत इंजेक्शन द्यायला नर्सनं परकराची नाडी जराशी खाली सरकवली. "हे काय? काळं?" तिथं नाडीच्या रेषेवर एक गोल काळी खपली होती, कडेनं लालसर. काकू पटकन म्हणाली, "बिब्बा हाय तो. कंबर दुखती त्यांची, बिब्बा लावत्यात." बिब्बा लावला की कातडी जळून अस्साच काळा डाग पडतो. आमच्याकडं निम्म्या बायकांच्या कमरेला, टाचेला बिब्ब्याचे डाग आहेत. नर्सच्या आईच्या पण असतील. तिनं "हां" म्हणलं आणि सुई टोचली. टायफॉईड असेल म्हणून सलाईन, गोळ्या, घरी.

ताप हटेना. आणि मग आमच्या ओट्यावर तज्ज्ञांचं अधिवेशन भरलं. एकजण म्हणाला, उंदरानं तोंड लावलेलं काहीतरी खाल्लं असणार. एकजण म्हणाला, मारलेल्या उंदरांचा तळतळाट, गणपतीला एकवीस मोदकांचा नवस बोला. काका म्हणाले, "मी सांगत हुतो का न्हाई, उंदीर लई बेकार. आपण मारलेत म्हणून एवढ्यावर भागलं." चहा पिऊन झाला की सगळे आत डोकावायचे, "बरं वाटतंय ना आता?" म्हणायचे आणि आईच्या वतीनं आप्पा सांगायचे, "हाय जरा बरं." जरा बरं! तिला श्वास लागत होता. डोळे पिवळट झाले होते. रात्रीची ती मला बाळ म्हणून हाक मारायची आणि मग मी कोण तेच विसरायची.

सकाळी मी जीपवाल्याला फोन लावला. आप्पा म्हणाले, "आजचा दिस बघू." मी म्हणलं, "तुम्ही बघा, आम्ही निघालो." नगरला नेलं. बोर्डावर आता अहिल्यानगर आहे, पण जीपवाल्याच्या आणि एसटीच्या कंडक्टरच्या तोंडात अजून नगरच. आप्पा आणि काकू मागं चढलेच, आणि काका पण आले, पुढच्या सीटवर, कारण पुढची सीट मोकळी होती.

तिथं डॉक्टरीण होती. माझ्यापेक्षा जरा मोठी, झोप न झालेली, आवाज खणखणीत. तिनं विचारलं, "अंगावर कुठं काळी खपली आहे का?" आप्पा म्हणाले, "न्हाई." काकू म्हणाली, "नाय ओ." काका म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं उंदीर फार झालते, मी मोहीम..."

"तुम्ही पेशंट आहात का?" डॉक्टरीण म्हणाली.

"मी दीर."

"दीर बाहेर. सगळे बाहेर. मुलगी थांबू दे."

पडदा ओढला. तिनं स्वतः बघायला सुरुवात केली, काखेत, कानामागं, छातीखाली. मग नाडीची रेषा. पडद्याबाहेरून काकूचा आवाज आलाच, "त्यो बिब्बा हाय, मॅडम!" पडद्यातून पण काकूला दिसतं.

डॉक्टरीण आईच्या तोंडाजवळ वाकली. "मावशी, तुम्ही सांगा. हा बिब्बा आहे का?"

आईनं डोळे उघडले. ओठ सुकलेले. हळूच म्हणाली, "बिब्बा कुठला? घरात बिब्बाच न्हाई. दिवाळीपासनं संपलाय."

"मग हे कधी झालं?"

"गवताला गेल्ते तवा काय तरी चावलं आसंल. दुखत न्हाई, खाजत न्हाई. म्हणलं, नाडी घासली."

मला तर रडू का हसू कळेना. "आई, अगं, त्या दवाखान्यात काकू बिब्बा म्हणाली तेव्हा तू ऐकलं नाहीस का?"

"आयकलं की."

"मग बोलली का नाहीस?"

"मला कुणी इचारलं?" आई म्हणाली. "आन तापात कोन भांडत बसतंय तिच्याशी."

स्क्रब टायफस. नाव त्या डॉक्टरणीनं मला दोनदा सांगितलं. रक्त तपासायला पाठवलं, पण रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू केलं. आणि औषध काय, तर साध्या गोळ्या! पहिल्यांदा ती खपली खपली म्हणून कुणी बघितली असती तर एवढं झालंच नसतं. दोन दिवस कुणीच काही सांगेना, आई अर्धवट झोपेत. मी कॉटच्या पायाशी बसून तिच्या तळव्याला हात लावून बघायची, चटका कमी झाला का. मग एका सकाळी तळवा गार लागला. मी घाबरले. गार म्हणजे काय, मला वाटलं गेली. एवढ्यात ती म्हणाली, "हात काढ, गुदगुल्या हुत्यात. आन म्हशीला पेंड कोन घालतंय?"

डॉक्टरीण राउंडला आली तेव्हा मी तिचं डोकं खाल्लं. ती म्हणाली, हा ताप उंदीर चावून होत नाही, उंदराचं उष्टं खाऊन पण नाही. रानउंदरांच्या अंगावर डोळ्याला धड दिसणार नाहीत असे लालसर किडे असतात. त्यांची पिल्लं गवताच्या पात्यावर चढून बसतात. उंदीर गेला तर उंदराला, माणूस बसला तर माणसाला चिकटतात, आणि जंतू त्या किड्यात असतो. मी मोहिमेचं सांगितलं तर तिनं कपाळाला हात लावला. "उंदीर मारले आणि किडे गवतातच ठेवले, तर किड्यांनी उपास धरायचा का? त्यांना दुसरं अंग पाहिजेच." मग लगेच म्हणाली, "तुमच्या आईला मोहिमेमुळंच झालं असं मी म्हणणार नाही. नुसतं गवतात बसूनही होतं. पण गवत तोडून बांध मोकळा ठेवा, बाही लांब घाला, खाली पोतं टाकून बसा, घरी आल्यावर अंघोळ करून कपडे धुवायला टाका. आणि काळी खपली दिसली तर बिब्बा म्हणायच्या आधी माणसाला विचारा."

हे सगळं मी घरी येऊन सांगितलं. एकदा नाही, ओट्यावर, ग्रुपवर, काकूच्या स्वयंपाकघरात. काकांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे उंदीरच की! मी काय येगळं म्हणत हुतो? पुढच्या वर्षी जास्त माल कालवू." बघा. माणसाच्या कानात शब्द जातात आणि आत वळण घेऊन स्वतःच्या कौतुकाला जाऊन मिळतात.

बांधावर आता परत उंदीर आलेत. यायचेच. धामण नाही, पिंगळा नाही, खाणारं कोण उरलंय? उलट मला तर पहिल्यापेक्षा जास्त खडे दिसतात. आणि ठिबकच्या नळ्या परवा परत कुरतडल्या गेल्या. नळीवर खार बसलेली होती. पाठीवर रामाची बोटं, तोंडात काकांची नळी.

तर काल विसर्जन झालं आणि आज हा मेसेज. वर्ष दुसरे.

थांबा थांबा, हे टाईप करता करताच काय झालं ते सांगते. आई म्हणाली, "काय खडखड लावलीय मोबाईलवर? भाकरी निवली." मी तिला मेसेज वाचून दाखवला. तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "तुझ्या आप्पाचा फोन आन." ग्रुपवर बाया नाहीतच, फक्त बापे आहेत, मी पण कशीबशी काकांच्या फोटोंखाली मजकूर लिहायला म्हणून घुसवलेली. मी म्हणलं, "मी लिहून देते, तू काय ते सांग."

"न्हाई," आई म्हणाली. "माझं मीच बोलते. कुठलं बटन दाबायचं?"

आणि आप्पांच्या फोनवर पिठाच्या हातानं बटण दाबून धरून बोलली. अख्ख्या भावकीत, पहिल्यांदा:

"भावजी, मी बोलतीय. रविवारी बांधावर कुणी यायचं न्हाई. त्या बांधाला वर्षभर मी बसते, तुमी न्हाई. मला इचारल्याबिगर मागच्या वर्षी तुमी औषध टाकलं, मला इचारल्याबिगर समद्यांनी माझ्या कमरेला बिब्बा लावला. आता मला इचारा. उंदीर मारायचं आसंल तर आधी त्या गवतात खाली बसून तुमी पेंढ्या कापा, आठ दिस. हातमोजे घालायचे न्हाईत, मला कुनी दिले नव्हते. मग बघू. ... झालं का गं? सोडू का बटन? आगं भाकर करपली, बाई!"

गेलं. भाकरीसकट गेलं.

निळ्या खुणा पडतायत, एकेक करून सगळ्यांनी ऐकलं, आणि कुणाचा शब्द नाही. नियोजन जबरदस्तवाला पण गप्प. आप्पा बाहेर खाटेवर होते, त्यांनी आत मान घालून आईकडं बघितलं आणि परत खाटेवर जाऊन बसले. शेजारच्या घरातून काकूचा हसण्याचा आवाज आला, तो तिनं पदरात दाबला असणार पण भिंत पातळ आहे. आणि आत्ता, हा बघा, आत्ता काकांचा मेसेज पडला:

"पावसाच्या शक्यतेमुळे रविवारची मोहीम पुढे ढकलण्यात येत आहे. सर्वांनी नोंद घ्यावी."

बाहेर इतकं लख्ख ऊन आहे की वाळवणातल्या मिरच्या डोळ्यात जातायत.

आई करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेऊन बसलीय आणि चांगली मला वाढलीय, आता खाते मी. पण आधी हे सांगा: तुमच्या घरात पण आजारी माणूस मध्ये बसलेलं असताना बाकीचेच सगळे डॉक्टरला उत्तरं देतात का? आणि कधी असं झालंय का, की त्या माणसाला खरं माहीत होतं, फक्त त्याला कुणी विचारलंच नव्हतं?